रविवार कोणी अडवला?

माझी शाळा लवकर सुटली. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका आणि साधे शब्द वाचकांनी पोटात घालावेत.

तालुक्याच्या गावी एकदा एक वृद्ध वकील होते. लोक त्यांना आप्पा म्हणत. त्यांच्या कचेरीत मुलांच्या ताब्याचे कागद पांढऱ्या रुमालात बांधत, नोकरीच्या तंट्यांचे लाल रुमालात. हे काम त्यांच्या हाताखाली वकिली शिकणाऱ्या शिष्याचे.

एके दिवशी अंबादास नावाचा कारखान्यातला कामगार आला. "साहेब, कोर्टानं दर रविवारी लेकीची भेट ठरवून दिलीय. तीन महिने रविवार मिळत नाही. सुट्टी मंगळवारी..."

"सुट्टीचं राहू द्या. बायको अडवते ना?" शिष्याने विचारले.

"ठरल्यासारखी भेट होत नाही, एवढं खरं," तो भिडस्त माणूस पुटपुटला.

शिष्याने खरमरीत अर्ज लिहिला : आई मुद्दाम मुलीला भेटू देत नाही. मग पांढरा रुमाल बांधला.

आप्पांनी अर्ज वाचला, गाठ सोडली आणि रिकामा रुमाल शिष्याच्या हाती दिला. "रविवारी बारा वाजता कारखान्याच्या फाटकाशी उभा राहा."

"आप्पा, या उन्हात?"

"टोपी घाल."

रविवारी जेवणाचा भोंगा झाला. अंबादास धावतच फाटकाशी आला. बाहेर एक बाई आठ वर्षांच्या मुलीला घेऊन थांबली होती. मुलगी गजांतून बापाला वहीतले चित्र दाखवू लागली.

"ताई, तुम्ही?" शिष्याने विचारले.

"हिची आई. कारखान्यानं नोटीस न देताच ह्यांची सुट्टी मंगळवारी केली. तेव्हा पोरीची शाळा. म्हणून इथं आणते. आमचं पटलं नाही, तिचा काय दोष?"

शिष्याला आपला अर्ज आठवला. तो अर्ज कोर्टात गेला असता, तर जेवणाच्या सुट्टीतला हा अर्धा तासही बुडाला असता.

संध्याकाळी आप्पा म्हणाले, "मागच्या रविवारी फाटकावरून जाताना मी त्या तिघांना पाहिलं होतं. कागदात लेकराचं नाव आलं, म्हणून तंटा लेकराचा होत नाही. वाट कोणी अडवली ते आधी विचारावं. ताब्याच्या तंट्यात समोरच्याला हरवून चालत नाही, लेकरू दोघांचं असतं. नोकरीच्या तंट्यात मात्र नियम पुढे ठेवून मालकासमोर ठाम उभं राहावं."

"पण अंबादास बोलला नाही, आप्पा."

"बोलत होता. तू मधेच तोडलंस."



दुसऱ्या दिवशी सकाळी, पाळी सुरू होण्याआधी, शिष्य अंबादासच्या घरी गेला. "सुट्टीचं पहिल्यापासून सांगा," म्हणाला आणि अंबादास थांबेपर्यंत लिहीत राहिला. कामगार कार्यालयाचे दार उघडले, तेव्हा नवा अर्ज घेऊन तो सर्वांच्या पुढे उभा होता.