एडक्याची जागा

फार मागे, माळावर एकच बाभूळ उरली होती, तेव्हाची ही गोष्ट. दगडावर खूर टेकला की चटका बसावा, असं ऊन होतं. सकाळी बाभळीच्या एका अंगाला सावली पडली. तिथे एक म्हातारी, लंगडी मेंढी बसली होती. तेवढ्यात एडका आला.

"ऊठ म्हातारे, ही जागा माझी."

"कुठवर तुझी रे?"

एडक्याने खुराने चौफेर रेघ ओढली. "इथवर. कायमची."

मेंढी उठली आणि झाडाच्या पलीकडे उन्हात जाऊन बसली. दुपारपर्यंत ती धापा टाकत होती. मग सूर्य कलला आणि सावली हळूहळू तिच्या अंगावर आली.

आता एडका उन्हात होता. त्याची जीभ बाहेर आली, मान जमिनीला टेकली.

"बाबा, इकडे ये. दोघांना पुरेल," मेंढी म्हणाली.

"ती तुझी जागा. मी माझ्या जागेवर बरा आहे."

मेंढीने थोडा वेळ वाट पाहिली. मग ती उठली आणि लंगडा पाय ओढत त्याच्याभोवती एक फेरा मारून आली. सगळी रेघ पुसली गेली.

एडक्याने खाली पाहिलं.

"रेघच गेली," तो म्हणाला. "आता माझा नाइलाज आहे."

आणि तो सावलीत येऊन तिच्याशेजारी बसला.