लांडग्याचा उजवा पंजा

एका बाभळीच्या रानात एक लांडगा राहत असे, आणि तो चक्क सशांची राखण करीत असे. हसू नका, मुलांनो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीही हसलो होतो. पिल्लू असताना तो पुरात वाहून आला, तेव्हा सशांनी त्याला चिकटून बसून ऊब दिली होती. तेव्हापासून रोज संध्याकाळी तो एक काटेरी फांदी ओढत आणी, सशांच्या बिळाच्या तोंडावर लावी आणि तिथेच आडवा होई.

त्याच रानात एक विद्वान कोल्हा होता. मनात लपलेला चोर पकडण्याची परीक्षा त्याने शोधून काढली होती. "'ससा मित्र' म्हटलं की उजव्या पंजानं थाप मारायची, 'ससा घास' म्हटलं की डाव्या," तो म्हणाला. "जी थाप चटकन पडेल, ते तुमचं खरं मन. मग तुम्हाला ते ठाऊक असो वा नसो!" लांडगा परीक्षेला बसला. 'मित्र' ऐकल्यावर त्याचा पंजा रेंगाळला आणि 'घास' म्हणताच थाप फाडकन पडली. झालं! "तरी मी म्हणतच होतो, दात बघा त्याचे!" एक म्हातारा ससा ओरडला. लांडगा स्वतःच घाबरला. "मला तर तसं काही वाटत नाही," तो पुटपुटला, "पण असेलही बुवा. आत काय चाललंय, ते मला कुठे दिसतं?" आणि खाली मान घालून तो निघून गेला.

संध्याकाळ झाली. सगळ्या सशांनी मिळून फांदी ओढली, पण ती तसूभरही हलेना. तेव्हा एक ससाबाई धावत लांडग्यामागे गेली. तो ओढ्याकाठी उजवा पंजा चाटत बसला होता. पंजात हा एवढा काटा! "अगंबाई! हा कधी रुतला, दादा?" "झाले की काही दिवस. तुमची फांदी ओढताना." "मग परीक्षेच्या वेळी सांगायचं नाही का?" लांडगा म्हणाला, "कोल्होबांनी मनाचं विचारलं होतं. पंजाचं कुठे विचारलं?"

ससाबाईने दातांनी काटा उपटला आणि त्याला परत आणलं. परीक्षा पुन्हा झाली. एकदा उजवी थाप चटकन पडली, एकदा डावी. "आता तुम्ही बसा, कोल्होबा," ससाबाई म्हणाली. कोल्हा ऐटीत बसला, आणि त्याची डावी थाप अशी वाजली की झाडावरचे पोपट उडाले. "छे छे! माझा डावा पंजाच मुळी चपळ आहे!" कोल्हा ओरडला, आणि स्वतःचेच शब्द ऐकून थबकला. मग तो उठला आणि त्याने फांदीला एका बाजूने दात लावले. दुसऱ्या बाजूने लांडगा म्हणाला, "जपून हं, कोल्होबा. काटे लागतात."

तात्पर्य : एका थापेवरून पंजा कळतो, मन कळायला रोजची संध्याकाळ पाहावी लागते.