चौकटीबाहेरचा हात

“…आणि जुन्या टीव्ही-संचांसाठी नव्या चित्राने किती काळ अंग चोरून बसायचे, भन्ते?”

भदंत खेमधम्मांनी खांद्यावरचे चीवर सारखे केले.

प्रश्न विचारणारा संबोध मेश्राम लहानपणी याच विहारात त्यांच्यापाशी पाली शिकला होता. आता तो सार्वजनिक दूरचित्रवाणीच्या केंद्रावर अभियंता होता. केंद्राची पहिली एचडी वाहिनी सुरू करण्याचे काम त्याच्याकडे सोपवले गेले होते. वैनगंगेकाठच्या या विहारातील पौर्णिमेचे प्रवचन हे त्या वाहिनीचे पहिले थेट प्रक्षेपण ठरले होते. ते दुसऱ्या दिवशी सकाळी होणार होते. उद्याच्या चित्राची मांडणी यशस्वी झाली, तर इतर केंद्रांनीही तीच स्वीकारावी, असे त्याने वरिष्ठांकडून मान्य करून घेतले होते.

त्याला उत्तर नको होते. त्याला संमती हवी होती.

म्हणून त्याने पुन्हा समजावून सांगितले. नवे चित्र रुंद असते, जुना संच जवळजवळ चौकोनी. नव्या आणि जुन्या, दोन्ही वाहिन्यांना एकाच कॅमेऱ्याचे चित्र जाईल. नव्या वाहिनीवर ते पूर्ण दिसेल. जुन्या वाहिनीवर त्याच्या दोन्ही बाजू छाटल्या जातील. वर-खाली काळ्या पट्ट्या सोडून संपूर्ण चित्र दाखवता येते, परंतु मग त्यातले सारेच लहान होते आणि लोकांना संच बिघडला असे वाटते. तेव्हा छाटणे हाच व्यवहार्य मार्ग होता.

“छाटलेला भाग कुठे जातो?” भन्तेंनी विचारले.

“कुठेही जात नाही. फक्त दिसत नाही.”

“कोणाला?”

“ज्यांच्या घरी जुना संच आहे, त्यांना.”

“ते किती जण?”

“आज… बहुतेक सगळेच. पण हळूहळू कमी होत जातील.”

भन्ते गप्प राहिले. संबोधने त्या गप्प राहण्याला संमती मानले आणि कॅमेरा चालवणाऱ्या गफूरभाईंना चाचणीची तयारी करायला सांगितले.

सभागृहात एका टेबलावर दोन संच शेजारी ठेवले होते. एक नवा, रुंद आणि सपाट. दुसरा जुना, फुगीर काचेचा, गावात ज्याला ‘डब्बा’ म्हणतात तो. मध्यभागी भन्तेंचे आसन, त्यामागे बुद्धमूर्ती. उजव्या टोकाला वैजयंताताई गजभिये उभ्या होत्या. भन्तेंचे प्रत्येक प्रवचन त्या खुणांच्या भाषेत सांगत. आसपासच्या गावांतील जी कर्णबधिर माणसे विहारापर्यंत येऊ शकत नसत, ती घरी बसून जुन्याच वाहिनीवर त्यांचे हात पाहत. तेवढेच प्रवचन त्यांच्यापर्यंत पोहोचत असे.

भन्ते आसनावर बसले. ताईंनी हात उचलले. चित्र सुरू झाले.

नव्या संचावर मूर्तीच्या पापण्यांची कड दिसली. ताईंच्या बांगड्यांचे रंग दिसले. भिंतीवरची पालही दिसली. कॅमेऱ्यामागून गफूरभाई म्हणाले की, पाल इतकी छान आली आहे, तिलाही मानधन द्यावे लागेल. सगळे हसले. संबोधही हसला. हे चित्र त्याने अनेक महिने मनात पाहिले होते.

मग त्याची नजर जुन्या संचाकडे गेली.

छाटणीची रेषा ताईंच्या खांद्यातून जात होती. चेहरा बाहेर, एक हात बाहेर. दुसऱ्या हाताची बोटे तेवढी चौकटीत येत आणि निघून जात.

संबोधच्या कपाळाला आठी पडली. त्याने ताईंना आदरपूर्वक सांगितले की त्यांनी आणखी थोडे उजवीकडे सरकावे. ताईंनी कारण विचारले. बोटे मध्येच चित्रात येतात, त्यामुळे पाहणाऱ्याचे लक्ष विचलित होते, असे तो म्हणाला.

ताई सरकल्या. जुन्या संचावरचे चित्र स्वच्छ झाले.

लहानपणी त्या त्याला नावाने हाक मारीत. आता त्यांनी कमरेवर हात ठेवले.

“मंग साहेब, मी घरी गेली तं चालते काय?”

गफूरभाईंनी कॅमेऱ्याआड तोंड लपवले. संबोधने न रागावता उत्तर दिले की नव्या वाहिनीवर ताई संपूर्ण दिसतील. आजवर कधी दिसल्या नसतील इतक्या स्पष्ट दिसतील.

“म्हणजे आता बहिऱ्यानं अगोदर नवा टीव्ही घ्यावा, मंग धम्म ऐकावा,” ताई म्हणाल्या.

संबोध भन्तेंकडे वळला.

“प्रत्येक आरंभात कोणीतरी मागे राहतोच, भन्ते. आपणच शिकवले होते, अष्टांगिक मार्गात सम्यक दृष्टी पहिली. आधी स्पष्ट पाहायचे, बाकी सारे नंतर.”

“शिकवले होते,” भन्ते म्हणाले.

ते उठले. आसन तसेच सोडून सावकाश उजवीकडे चालत गेले आणि ताईंच्या पायाशी, उघड्या फरशीवर बसले.

“कर सुरू.”

“भन्ते, तिथे…”

पण भन्तेंनी बोलायला आरंभ केला होता. ताईंनी हात उचलले.

जुन्या संचावर मूर्ती होती. आसन होते. आसनावर कोणी नव्हते. आवाज येत होता, पण तो ऐकू येणाऱ्यांसाठी होता.

संबोधने भन्तेंना मध्यभागी येण्याची विनंती केली. मग पुन्हा केली. भन्तेंचे बोलणे थांबले नाही. कॅमेरा त्यांच्याकडे वळवू का, असे गफूरभाईंनी विचारले. संबोधने नको म्हणून हात केला.

तो त्या दोन संचांसमोर उभा राहिला. मग त्याने जुन्या संचाचा आवाज पूर्ण बंद केला.

आता त्या काचेत काहीच घडत नव्हते.

तो बराच वेळ पाहत राहिला… ताईंचे हात त्याच्या पाठीमागे हवेत चालू होते. काचेत ते नव्हते.

त्याने आपला रुमाल काढला. तो पुरेना, म्हणून तिवईवरचे कापड ओढून घेतले आणि नव्या संचावर टाकले.

“गफूरभाई, आता फक्त डब्बा पाहून चौकट लावायची.”

“नव्या वाहिनीचं पहिलं प्रक्षेपण, आणि डब्बा पाहून?”

“डब्बा पाहून.”

त्यानंतर तो वाद न घालता काम करीत राहिला. ताईंची जागा त्याने आसनाला लागून ठरवली. त्यांचे दोन्ही हात पूर्ण पसरले तरी काचेच्या आत राहतात की नाही, हे त्याने पुन्हा पुन्हा तपासले. पार्श्वभूमीमुळे बोटे अस्पष्ट दिसत होती. त्याने मागे गडद पडदा लावून घेतला. चौकटीत मूर्ती थोडी एका बाजूला गेली. ते त्याने मान्य केले. मग तो स्वतः भन्तेंना आणायला गेला. या वेळी भन्ते उठले.

जुन्या संचावर दोघेही होते, आणि ताईंची दहाही बोटे होती. ताईंनी काचेकडे पाहिले, मान डोलावली, आणि त्या दिवशी प्रथमच त्याला ‘संबोध’ म्हणाल्या.

शेवटी त्याने नव्या संचावरचे कापड काढले.

चित्र रुंद होते, लखलखीत होते. भन्ते आणि ताई मध्यभागी एकमेकांजवळ होते. दोन्ही बाजूंना उघडी भिंत होती. गफूरभाई हळूच म्हणाले की वरचे लोक हे पाहून विचारतील, एवढा मोठा कॅमेरा भिंत दाखवायला आणला का.

संबोध भन्तेंपुढे बसला. त्याने प्रथमच आवाज खाली आणला.

“उद्या वरिष्ठ फक्त नवा संच पाहतील. ही मांडणी त्यांना अपुरी वाटेल.”

“मग बदलणार आहेस?”

“नाही.”

“काम काढून घेतले तर?”

“तरी उद्याचे असेच जाईल.” तो थांबला. “पण त्यांना उत्तर द्यावे लागेल, भन्ते. दोन्ही बाजू रिकाम्या का ठेवल्या, असे विचारले तर… काय सांगू?”

भन्ते त्या उघड्या भिंतीकडे पाहत होते.

“सांग, जागा धरून ठेवली आहे. मागे राहिलेली माणसे वाटेत आहेत.”