पोरांची सावड

ऐका बरं का. वारा माणसासारखा दारात येऊन टेकायचा आणि म्हशीला काही विचारलं तर ती उत्तर द्यायची, त्या काळातली ही गोष्ट.

एका गावाच्या कडेला ओढा होता. ओढ्याकाठी बांबूचं मोठं बेट, आणि बेटाला लागून एक खोपटं. तिथं राहायची तुळसा बुरडीण, तिचा नवरा भिकाजी आणि त्यांचा तान्हा गुंडू. दोघं लांबच्या मुलखातून आलेली. घरात सासू नाही, नणंद नाही, माहेर तर पार डोंगरापलीकडं. भिकाजी सुपाटोपल्यांची चळत डोक्यावर घेऊन बाजारोबाजार हिंडायचा. तुळसा घरी बसून विणायची.

गुंडू निजून असायचा तोवर सगळं बरं चाललं. मग तो रांगायला लागला. आता बुरडाचं घर म्हणजे कसं, इकडं कोयता, तिकडं बांबूच्या, सुरीसारख्या धारेच्या कामट्या. गुंडूला दुसरं काही आवडायचंच नाही. आईनं एक कामटी विणली की हा दुसरी तोंडात घालायचा.

अशात राजवाड्यातून शिपाई आला. म्हणाला, "राणीसाहेबांना मुलगा झालाय. त्यांच्या माहेरच्या रीतीनं पाळणा बांबूचाच लागतो. बारशाच्या सकाळी न्यायला येतो. तयार ठेव."

तुळसाला आनंद झाला, आणि लगेच काळजीही लागली. पाळण्याचं काम नाजूक. एक कुसळ राहिलं तर बाळाच्या अंगाला ओरखडा. अर्धा डोळा विणीवर आणि अर्धा पोरावर, असं ते जमणार कसं?

मग तिनं काय केलं, जुन्या लुगड्याचा मऊ काठ फाडला आणि गुंडूचा पाय खांबाला बांधला. गुंडू रांगत निघाला. काठ ताणला. त्यानं मागं वळून आधी पायाकडं बघितलं, मग आईकडं. रडला नाही हो. नुसता बघत राहिला.

तुळसानं गाठ सोडली. "राजाच्या पोराला पाळणा, आणि माझ्या पोराला दावं?" ती म्हणाली. "हे काही खरं नाही."

त्या गावात सावड होती, बरं का. सावड म्हणजे आज माझे बैल तुझ्या रानात, उद्या तुझे माझ्या रानात. कुणी कुणाला काही देणं नाही, फक्त आपली पाळी चुकवायची नाही. सावडीचं सगळं गोदाकाकू बघायची. तुळसा तिच्याकडं गेली आणि भीतभीत म्हणाली, "काकू, मला घ्याल का सावडीत?"

गोदाकाकू हसली. "अगं, बैल कुठाय तुझ्याकडं? सुपाला जुंपतेस काय नांगराला?"

ओट्यावरच्या सगळ्या बायका हसल्या. तुळसाही हसली. पण घरी येताना तिची मान खाली होती. खरंच की, आपल्याकडं द्यायला आहे काय?

मग ती ओढ्यावर गेली. तिथं गोदाकाकूची म्हैस चरत होती. "म्हशीबाई, माझं पोर घटकाभर बघशील?"

"बघते की. मला काय नवीन आहे?" म्हैस म्हणाली. तिनं गुंडूला चाटून चाटून लख्ख केला, पाठीवर बसू दिला. सकाळ छान गेली. पण मग उन्हं चढली. म्हशीला उन्हात काही सुचत नाही. ती उठली आणि पोरासकट शिरली डबक्यात! तुळसा ओरडत धावली. बघते तर गुंडू शिंगाला धरून खिदळतोय. सगळा चिखल, नुसते डोळे तेवढे दिसताहेत.

"माझं सकाळचं काय ते सांग बाई," म्हैस म्हणाली. "दुपारचं माझ्यावर सोपवू नकोस."

मग तुळसानं वाऱ्याला विचारलं. वारा म्हणाला, "त्यात काय, दुपारी येतो." आला. झोळीला असा झोका दिला की गुंडू क्षणात गाढ. पण पलीकडं कुणीतरी लुगडी वाळत घातली होती. वाऱ्यानं ती बघितली आणि गेला की तिकडं उंडारायला! झोळी थांबली. गुंडूनं असं भोकाड पसरलं की ओढ्यावरचे बगळे उडाले.

"काय करू, माझा पाय एका जागी ठरत नाही," वारा म्हणाला. "पण दुपारची एक झोप रोज काढून देईन. त्याहून जास्त मागू नकोस."

बारसं जवळ आलं आणि पाळण्याचा नुसता तळ झालेला. तुळसा गुंडूला कडेवर घेऊन बेटात शिरली आणि रडू लागली. तेवढ्यात बेट वाजलं. कुर्र... कुर्र...

"तुळसे, माझ्या पायाशी बघ," बेट म्हणालं. "हे कोंब वर आलेत. यातल्या कुणाची आई कोण, सांग बघू."

तुळसाचा सगळा जन्म बांबूत गेलेला. तिनं वाकून बघितलं, माती उकरून बघितलं. खाली मुळं एकात एक गुंतलेली. "सांगता येत नाही," ती म्हणाली.

"आम्हालाही येत नाही," बेट म्हणालं. "ज्याच्या मुळाशी ओल असेल, तो पाजतो. आणि काय गं, पोर सांभाळायला बैल कशाला लागतो? नांगर ओढायचाय का गुंडूला?"



तुळसानं डोळे पुसले आणि ती तडक गावात निघाली. देवळाच्या पारावर काशाबा बसला होता. पायानं अधू. सकाळपासून एकटा माश्या वारत बसायचा. ती पुढं गेली. गोदाकाकूच्या घरात डोकावली, तर काकूची सून शेवंता जात्यावर बसलेली. तिच्या पोराचा पाय बाजेच्या खुराला बांधलेला. गाठसुद्धा अगदी तशीच!

"काकू," तुळसा म्हणाली, "आपण पोरांची सावड घालू."

"पोरांची? पोरं म्हणजे बैल का गं?"

तुळसा बोलायच्या आत शेवंताचं जातं थांबलं. सासूसमोर ती कधी तोंड उघडायची नाही. ती हळू आवाजात म्हणाली, "आत्याबाई, आपल्या बैलांना रानात नेऊन मोकळं सोडतात. माझ्या पोराच्या पायाला वळ उठलाय."

गोदाकाकू उठली. नातवाजवळ बसली. वळ बघितला, बोटानं चोळला. मग तिनं आपल्या हातानं गाठ सोडली.

"बैल नको म्हणतेस," ती तुळसाला म्हणाली, "मग या सावडीत लागतं काय?"

"मांडी लागते, काकू."

"ती आहे बाई माझ्याकडं. चांगली ऐसपैस आहे."

झालं. बेटाच्या सावलीत मोठी सतरंजी पडली. आज एकीची पाळी, उद्या दुसरीची. सकाळी म्हैस चाटूनपुसून जायची. दुपारी वारा झोके द्यायचा. काशाबाला पारावरून उचलून आणला, आणि तो पोरांना गोष्टी सांगू लागला. म्हणायचा, "माश्यांपेक्षा ही बरी, निदान हुं तरी म्हणतात." तुळसाही आपल्या पाळीला कामट्या गुंडाळून ठेवायची आणि मांडी पसरून बसायची. बाकीच्या दिवशी पाळणा विणायची.

बारशाच्या सकाळी शिपाई आला, तेव्हा पाळणा तयार होता. आतून हात फिरवला तर फुलासारखा.

पण गोष्ट इथं संपत नाही हं. सव्वा महिना झाला, आणि एक दिवस बेटापाशी मेणा थांबला. आतून राणी उतरली. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले, छातीशी राजपुत्र किंचाळतोय.

"पाळणा छान आहे," राणी म्हणाली. "दासीही पुष्कळ आहेत. पण दासी आपली वेळ झाली की घरी जाते, आणि मी कुठं जाऊ? तुमच्या सावडीत मला घ्याल का?" आणि ती गळ्यातला हार काढू लागली.

"हो, काढाच तो," गोदाकाकू म्हणाली. "पण आम्हाला देऊ नका, घरी ठेवून या. पोरं ओढतात. मांडी आहे ना?"

"आहे."

"मग परवा तुमची पाळी. राणी असलात तरी चुकवायची नाही."

राणीनं नाही चुकवली. रांगत्या पोरांना वरणभात कालवून भरवला. निम्मा तिच्या शालूवर सांडला. मग दुपार झाली. काशाबानं गोष्ट सुरू केली. वारा आला आणि झोळ्या हलू लागल्या. गुंडू झोपला, राजपुत्र झोपला, शेवंताचं पोर झोपलं, आणि बांबूला टेकून राणीही झोपली. बाळंत झाल्यापासून पहिल्यांदा.

रानातून बायका परतल्या. राणीला तशी बघून तुळसानं ओठांवर बोट ठेवलं. सगळ्या चपला हातात घेऊन लांब जाऊन बसल्या. काशाबा मात्र गोष्ट सांगतच होता, अगदी हळू.

तेव्हापासून त्या गावात कुठल्या पोराच्या पायाला गाठ पडली नाही. गुंडू मोठा झाला, राजपुत्र मोठा झाला, सगळी सुखात राहिली. बेट अजून वाजतं म्हणतात.

आता आपल्याही दारात वारा येऊन टेकलाय. पाळी त्याची आहे, त्याला झोका देऊ द्या. मिटा बघू डोळे.