सुट्या पानांची पोथी

परमुलखातल्या विमानतळावर वेणूताई रिसबुडांची पोथी अडली. तिथल्या कायद्याप्रमाणे पाहुण्याने आपल्यापुरता धर्मग्रंथ आणलेला चाले, धर्माची पत्रकं वाटलेली चालत नसत. पोथीला शिवण नव्हती. अधिकाऱ्याने लाल फडकं सोडून सुटी पानं मोजली आणि मराठी जाणणाऱ्या दुभाष्याकरवी बजावलं, "ही एकशे ऐंशी पत्रकं आहेत. पुढच्या विमानाने परत जा."

बाहेर दिवस भरत आलेली लेक ताटकळत होती. वेणूताईंचा जीव टांगणीला लागला, पण आवाज चढला नाही.

"साहेब, कायदा तुमचा, तो मी पाळणारच. फक्त यातलं कुठलंही एक पान यांच्याकडून वाचून घ्या."

दुभाष्याने मधलंच पान उचललं. ते अर्ध्या ओवीत सुरू झालं आणि अर्ध्या ओवीतच संपलं. दुसऱ्या पानाचीही तीच गत.

"अर्धी ओवी वाटून कुणाचा धर्म बदलतो, साहेब? सगळी पानं एकत्र राहिली, तरच हे पुस्तक."

अधिकारी वरमला. शिक्का मारताना उरलासुरला रुबाब सावरत म्हणाला, "पण वाचायची ती घरातच."

"घरातच वाचते," फडक्याची गाठ मारत वेणूताई म्हणाल्या. "उघड्यावर सोडली तर तुमचा वाराच पत्रकं वाटत सुटेल."