उद्याचा बावटा

"मग मी कोणता बावटा लावू? तेवढंच सांगा, अक्का."

हेरंब आल्यापासून हेच विचारत होता. अक्का ओट्यावर बसून भिजवलेले वाल सोलत होत्या. चिमटीत वाल धरायचा, हलकेच दाबायचा, की साल हातात आणि डाळिंबी परातीत. दोन-चार वाल तसे सोलून झाल्यावर त्या म्हणाल्या,

"बस. परात ओढ इकडं."

"बसायला वेळ नाही हो. सूर्य बुडायच्या आत बावटा लागला पाहिजे."

"सूर्य अजून हातभर वर आहे. बस."

तो बसला. बसला म्हणजे ओट्याच्या कडेला नुसता टेकला, एक पाय खालीच ठेवून. खांद्यावरची पिशवी त्यानं मांडीवर घेतली. पिशवीत दोन बावटे होते, एक हिरवा आणि एक तांबडा. दोन्ही नीट घडी घातलेले.

अक्कांचा मठ म्हणजे तरी काय, दोन खोल्या, एक ओटा आणि खाडीत उतरणाऱ्या जांभ्याच्या पायऱ्या. पायऱ्यांच्या शेजारी एक उंच काठी उभी होती. रोज संध्याकाळी हेरंब त्या काठीवर दुसऱ्या दिवसाचा बावटा चढवायचा. हिरवा असला की खुशाल पोहा, खुशाल खडकांवरची शिंपल्यातली कालवं काढा. तांबडा असला की पाण्यात पायही घालायचा नाही. काठी दोन्ही काठांवरून दिसे, आणि संध्याकाळी चूल पेटवायच्या आधी बायका दारात येऊन तिच्याकडं एकदा बघून घेत.

खाडीचं पाणी तपासायचं काम हेरंबकडं होतं. जंतूंचं शास्त्र शिकून तो गावी परत आला होता. त्याच्या आधी हे काम करणारा गृहस्थ भारी भित्रा. आभाळ आलं की तांबडा, वास आला की तांबडा, रात्री वाईट स्वप्न पडलं तरी सकाळी तांबडा. लोक हसायला लागले, आणि पुढं पुढं तर पोरं तांबड्या बावट्याखालीच सूर मारायला लागली.

हेरंबनं आल्या आल्या एकच नियम केला. तपासणीचा निकाल हातात आल्याशिवाय बावटा बदलायचा नाही. तेव्हापासून त्याचा एकही बावटा खोटा ठरला नव्हता. ही गोष्ट तो दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवायचा. अक्कांना तर ती पाठ झाली होती.

तसा पोरगा गुणी. वडील गेल्यापासून तो अक्कांना गुरू मानत असे. अक्का मंत्र देत नसत, उपदेशाच्या नावानं तर शून्यच. कुणी शिष्य म्हणवून घ्यायला लागला की त्याला त्या विहिरीवरून पाणी आणायला पाठवत. तरी हा आठवड्यातून दोनदा यायचाच.

"पुन्हा एकदा सांग," अक्का म्हणाल्या. "नीट सांग. मला त्यातलं काय कळतंय?"

"काल रात्री वर शहराकडं अवकाळी पाऊस झाला. गटारं, नाले, सगळं धुऊन नदीत आलं असणार. ते पाणी खाली यायला दिवस लागतो. म्हणजे आज रात्री भरती ओसरायला लागली की ते इथं उतरणार."

"मग तपास की ते."

"तपासायला टाकलंय. सकाळीच वरच्या अंगाला, नदीच्या पुलाखालचं पाणी भरून आणलं. पण निकाल उद्या दहा-अकराशिवाय नाही. जंतू काय डोळ्यांना दिसतात? त्यांना खायला घालायचं, रात्रभर उबेत ठेवायचं, मग ते वाढतात, मग मोजायचे."

"दह्यासारखं."

"दह्यासारखंच. घाई करून होत नाही."

"आणि कालवांना बायका कधी उतरणार?"

"पहाटे. उद्या अमावास्या. पहाटेची ओहोटी मोठी, कालवांच्या खडकांचा सगळा मांड उघडा पडणार. माझा निकाल येईपर्यंत कालवं चुलीवर चढलेली असतील."

अक्कांनी मूठभर वाल त्याच्या पुढ्यात सरकवले. हेरंबनं एक उचलला आणि इतक्या जोरात दाबला की डाळिंबी अंगणात जाऊन पडली.

"हळू," अक्का म्हणाल्या. "कालवं धुऊन घेतली तर?"

"धुऊन काय होतंय? ती दिवसभर पाणी गाळूनच पोट भरतात. पाण्यातली घाण त्यांच्या आत साठते. पाणी निवळलं तरी ती लगेच निवळत नाहीत. आणि बायका ती नुसती वाफवतात, तेवढ्यानं सगळे जंतू मरत नाहीत. मागं पलीकडच्या काठाला एका घरातली सगळी माणसं आडवी झाली होती, आठवतंय ना? त्यातली म्हातारी गेली."

"आठवतंय."

"तो भित्र्याचा काळ होता. बावटा तांबडा होता, पण मानतंय कोण?"

बोलता बोलता तो उठला, अंगणाच्या टोकापर्यंत गेला, खाडीकडं बघून परत आला. पाणी रोजच्यासारखंच दिसत होतं. त्याला त्या पाण्याचा राग आला. निदान थोडं गढूळ तरी व्हावं!

"शेवटचा निकाल काय आहे तुझ्याकडं?" अक्कांनी विचारलं.

"परवा भरलेल्या पाण्याचा. स्वच्छ आलाय."

"ते पाणी आता कुठंय?"

"कुठं म्हणजे? गेलं समुद्रात."

"हं."

"पण हातात निकाल तोच आहे ना! नियमानं हिरवा लागतो. नियमानं मी हिरवा लावला तर उद्या मला कुणी एक शब्द बोलू शकत नाही."

"मग लाव."

"लावू?"

अक्कांनी पुढचा वाल उचलला. हेरंबनं पिशवीत हात घातला आणि तसाच बाहेर काढला.

"समजा, तांबडा लावला," तो पुन्हा टेकत म्हणाला. "आणि उद्या निकाल स्वच्छ आला. मग? अमावास्येची ओहोटी बायकांच्या हातची गेली. त्या म्हणतील, हाही त्या भित्र्यासारखाच निघाला. पुढच्या वेळी तांबडा लावीन तेव्हा ऐकणार नाहीत. आणि तेव्हा खरंच पाणी वाईट असलं तर? लोक माझं का ऐकतात? तर माझा बावटा चुकत नाही म्हणून ऐकतात."

हे काही खोटं नव्हतं. अक्कांनाही ते पटलं असावं, कारण त्यांचे हात क्षणभर थांबले.

"मधला एखादा नाही का रंग? पिवळा वगैरे?"

"पिवळा लावून काय सांगू? अर्धपोटी खा?"

अक्का खुदकन हसल्या. हेरंबला हसू आलं नाही.

तेवढ्यात येसूकाकी वाटेनं आल्या. खाडीवर कालवं काढणाऱ्या बायकांत त्या सगळ्यांत जुन्या. कमरेला कोयती, डोक्यावर रिकामी पाटी. उद्यासाठी पाटीचा तळ शिवून आणायला त्या बुरुडाकडं गेल्या होत्या.

"काय रं हेरंबा, उद्या उतराचं ना?"

"बावटा बघून ठरवा, काकी."

"आता रं माज्या कर्मा! बावटा तूच लावतंस ना?"

हेरंबनं पिशवीचं तोंड आवळलं.

"मागल्या पुनवेला तू तांबडा लावलास. आमी घरी बसलो. कोन बोलला काय तुला? नाय बोलला. तू लावशील तो खरा." काकींनी पाटी सारखी केली. "सून म्हायेराहून आलीय, दोन जिवांची. तिला कालवांचे डोहाळे लागलेत. काल रात्री झोपेत पन कालवांचं नाव. हिरवा दिसला की पयली पाटी तिचीच. जातंय मी."

त्या गेल्या. हेरंब त्यांच्या पाठमोऱ्या पाटीकडं बघत राहिला. दोन जिवांची बाई, आणि वर झोपेतही तेच नाव.

"अक्का," तो म्हणाला, आणि आता तो रडकुंडीला आला होता. "तुम्ही सांगा. तुम्ही सांगाल तो लावतो."

"म्हणजे चुकला तर अक्कांनी सांगितलं होतं."

"तसं नाही हो..."

"मग कसं?"

ते तसंच होतं, आणि ते तसं आहे हे त्याला त्याच घटकेला कळलं. कान गरम झाले त्याचे.

"तुम्हाला माझ्या जिवाची घालमेल कळत नाही," तो चिडून म्हणाला. "शिष्य दारात उभा राहून विचारतो आणि गुरू वाल सोलत बसतो!"

"वाल उद्या आंबतील," अक्का म्हणाल्या. "सोलायला नकोत?"

...

सूर्य टेकला. पलीकडच्या काठावर दोन बायका दारात येऊन उभ्या राहिलेल्या दिसल्या. त्यांचे चेहरे दिसत नव्हते, पण त्या काठीकडं बघत होत्या एवढं नक्की.

हेरंब ताडकन उठला.

"नियम तो नियम," तो मोठ्यानं म्हणाला. कुणाला म्हणाला देव जाणे, अक्का तर मान खाली घालून बसल्या होत्या. "मी अंदाजानं बावटा लावणारा माणूस नाही. हातात निकाल आहे, तो स्वच्छ आहे. संपलं."

त्यानं हिरवा बावटा काढला. घडी उलगडली. काठीपाशी गेला आणि दोरीला गाठी मारू लागला. रोज डोळे मिटून मारायच्या गाठी, आज दोनदा सुटल्या. तिसऱ्यांदा बसल्या. तो दोरी ओढू लागला आणि बावटा हळूहळू वर सरकू लागला.

अक्कांनी परात बाजूला ठेवली, गुडघ्यांवर हात टेकून उठल्या आणि पायऱ्यांपाशी आल्या. वाकून खाली बघितलं.

"हेरंब, जाता जाता एक काम कर. खालच्या पायऱ्यांना शेवाळ धरलंय. तेवढं घासून जा."

"आत्ता?"

"आत्ताच. पहाटे उतरायचंय मला."

अक्का दर अमावास्येला पहाटे खाडीत स्नान करत. घाटाखाली ओहोटीलाही छातीभर पाणी राही. त्या तीन बुड्या मारत, चूळ भरत, मग थोडं पोहून परत येत. वय झालं तरी हे त्यांनी सोडलं नव्हतं.

हेरंबचे हात थांबले. बावटा अर्ध्या काठीवर लोंबत राहिला.

"उद्या नको," तो म्हणाला.

"का रे?"

"नको म्हणतो ना. उद्या विहिरीवर करा आंघोळ. मी येऊन पाणी काढून देतो, हवं तर तापवूनही देतो."

"अमावास्या चुकेल माझी."

"चुकू दे!"

तो ओरडलाच. अक्कांवर तो आजवर कधी ओरडला नव्हता. घाटावरचे बगळे उडाले.

"चुकू दे अमावास्या," तो पुन्हा म्हणाला. "पाण्यात पाय घालायचा नाही तुम्ही. चूळ तर मुळीच भरायची नाही. पहाटे येऊन या पायऱ्यांवर आडवा पडेन मी, पण तुम्हाला उतरू देणार नाही. सांगून ठेवतो."

अक्का त्याच्याकडं बघत राहिल्या.

मग त्यांनी वर बघितलं, अर्ध्या काठीवरच्या हिरव्या बावट्याकडं. पलीकडच्या दारांतल्या बायका अजून उभ्याच होत्या. दोरी हेरंबच्या मुठीत होती.

...

"माझ्यापुरता निकाल कधी आला रे?" बावट्यावरची नजर न काढता अक्कांनी विचारलं.