मला पुरला, तुला पुरेल

एका गावात एक नियम होता, आणि त्या नियमाला 'का' असं कधी विचारायचं नाही, हा त्याच नियमाचा उरलेला भाग होता.

नियम विहिरीचा होता. गावात विहीर एकच, गोल, काळ्या दगडात बांधलेली. मूल अठरा वर्षांचं झालं की त्याला विहिरीच्या काठावर उभं करून एक नवा दोर देत. दोर बरोबर बारा हातांचा. त्याला जोड द्यायचा नाही, गाठ मारायची नाही, आणि तो पुरत नाही असं तोंडातून काढायचं नाही. आदल्या खेपेला ज्याला दोर मिळाला असेल, त्यानं नवा दोर पुढच्याच्या हातात ठेवायचा आणि सगळ्यांसमोर म्हणायचं, "मला पुरला, तुला पुरेल." मग वडीलधारी माणसं माना डोलवायची आणि गूळ वाटला जायचा.

दोर मिळाला की ज्याचं पाणी त्यानं काढायचं. त्या गावात पाण्यावरच सगळं मिळे. घागरभर पाणी दळणाऱ्या बाईला दिलं की दिवसाचं पीठ. कुंभाराला दिलं की मडकं. रोजचं भागून उरेल ते आपल्या रांजणात ओतायचं. रांजण काठोकाठ भरला की गाव तुम्हाला घर बांधायला जागा देई.

हा नियम झाला तेव्हा पाणी आठ हातांवर होतं. त्या वेळच्या माणसांनी दोर सोडला, ओढला आणि वर्षाच्या आत रांजण भरले. मग घरं बांधली, घरांमागे हौद बांधले, आणि विहिरीचाच झरा वळवून ते कायम भरते ठेवले. त्यानंतर त्यांना विहिरीवर यायचं कारणच उरलं नाही. पाणी मात्र दरवर्षी थोडं थोडं खाली जात राहिलं. ते का जातं, हे हौदांना विचारायला हवं होतं. पण हौद वडीलधाऱ्यांचे होते.

त्या गावात एक मुलगी होती. ती आपल्या आत्याच्या घरी, पडवीत राहायची. तिला दोर दिला तो तिच्या आतेभावानं. तो "मला पुरला, तुला पुरेल" म्हणाला, पण तिच्याकडे न बघता, दोराकडे बघत. त्याचा सदरा उजव्या खांद्यावर पार विरलेला होता. दादानं आजच्या दिवशी तरी बरा सदरा घालायचा, एवढंच तिच्या मनात आलं.

दुसऱ्या दिवशी ती विहिरीवर गेली. तिनं घागर सोडली. दोर संपला आणि घागर पाण्याच्या हातभर वर झोके घेत राहिली.

दादा तिथंच होता. त्यानं तिला बाजूला केलं, कठड्यावर पालथा पडला, खांदा दगडाला टेकवून सबंध हात आत सोडला आणि घागर हिसक्यानं तिरकी केली. वर आली तेव्हा ती अर्धी भरलेली होती.

"असं," तो म्हणाला. "पुरतो म्हणजे असा पुरतो."

"काल सांगितलं नाहीस."

"काल गूळ होता."

तेव्हापासून तीही पालथी पडू लागली. थोड्याच दिवसांत तिची चोळीही खांद्यावर विरली. दिवसभर खपून तिच्या तीन-चार अर्ध्या घागरी व्हायच्या. तोवर दळणारी बाई दिवसाच्या पिठाला एकाऐवजी दोन घागरी मागू लागली होती. तिचं तरी काय चुकलं? तिच्याही घरात तोच बारा हातांचा दोर. मुलीच्या रांजणात संध्याकाळी पडलेलं पाणी सकाळी निघून जाई. तळाशी ओलसर डाग राही, तेवढाच.

आत्या वाईट नव्हती. ती रोज आठवणीनं जेवायला वाढायची आणि रोज आठवणीनं बोलायची.

"आम्ही वर्षात रांजण भरला. तुम्हाला वाकायलाच नको."

"आत्या, मी पालथी पडते."

"मग नीट पड. आणि त्या मोगऱ्याला पाणी कोण घालतं? इकडे मोगरे फुलवायचे आणि तिकडे रांजण रिकामा म्हणून तोंड पाडून बसायचं."

पडवीच्या कोपऱ्यात एका फुटक्या मडक्यात मोगरा होता. मुलगी त्याला तोंड धुतलेलं पाणी घालायची. त्या दिवसापासून तिनं तेही बंद केलं. मोगरा वाळला. रांजण होता तेवढाच राहिला.

एकदा दुपारी विहिरीवर कुणी नव्हतं. दादानं आपल्या दोराचं टोक तिच्या दोराला बांधलं. नियम दोघांनाही माहीत होता. घागर खाली गेली, आणखी खाली गेली, आणि डुबुक असा आवाज आला.

मुलीनं तो आवाज जन्मात पहिल्यांदा ऐकला. घागर वर आली ती काठोकाठ भरून, सांडत. तिला इतकं हसू आलं की अर्धं पाणी तिच्याच पायावर गेलं.

आठ दिवस त्यांनी असं पाणी काढलं. नवव्या दिवशी त्यांना पारावर बोलावणं आलं. गावातल्या सगळ्यात वयस्क गृहस्थांना सगळे 'थोरले' म्हणत. ते म्हणाले, "गाठ मारलीत, म्हणजे आमचा दोर अपुरा होता असंच म्हणालात की."

"तुमचा दोर पुरला असेल," दादा म्हणाला. "पण आता पाणी..."

"पाण्याचं पाण्यापाशी. आपण दोराबद्दल बोलतोय."

मग थोरल्यांनी स्वतःच्या हातानं ती गाठ सोडवली. ओली गाठ लवकर सुटत नाही. ती सुटेपर्यंत सगळं गाव उभं राहून बघत होतं.

दुसऱ्या दिवशी दादा गाव सोडून गेला. गाव सोडणाऱ्यानं आपला दोर विहिरीजवळच्या करंजाच्या झाडाला टांगायचा असे. त्यानंही टांगला. आत्या शेजारणींना म्हणाली, "त्याला कष्ट नको होते." त्या संध्याकाळी तिनं तीन ताटं मांडली. मग एक उचलून, पुसून, परत फडताळात ठेवलं.

दादामागोमाग बाकीची तरुण पोरंही गेली. कुणी दोन दिवसांच्या वाटेवर, कुणी त्याहून लांब. जाताना प्रत्येक जण म्हणायचा, "घर झालं की तुला बोलावतो." घर कुणाचंच झालं नसावं. करंजाला दोर वाढत गेले. वाऱ्यानं ते एकमेकांवर घासायचे आणि कुणीतरी झाडाखाली कुजबुजतंय असं वाटायचं. मुलगी वळून बघायची. तिथं कुणी नसायचं.

पूर्वी विहिरीवर भांडणं होत. "सरक जरा", "माझी घागर आधी", "डोळे आहेत का?" आता भांडायलाही कुणी राहिलं नव्हतं. ती एकटीच कठड्यावर पालथी पडायची, गाल गार दगडाला टेकवायची. कधीतरी उगाच आत तोंड करून विचारायची, "पुरतो का?"

विहिरीतून परत येई ते फक्त शेवटचं अक्षर. "का... का..."

साऱ्या गावात हा प्रश्न विचारणारी ती विहीर एकटीच होती.

अशी तीन वर्षं गेली. पाणी आणखी हातभर खाली गेलं. मग शेजारची एक मुलगी अठरा वर्षांची झाली. तिला दोर द्यायचा होता, आणि शेवटचा दोर या मुलीला मिळालेला असल्यामुळे नव्या मुलीला तो द्यायचा, ते शब्द म्हणायचे, हे काम हिच्याकडे आलं.

आदल्या दिवशी थोरले स्वतः पडवीत आले. आत्यानं घाईघाईनं पाट मांडला.

"उद्या तुला म्हणायचंय," थोरले म्हणाले.

"माहीत आहे."

"त्या गाठीचं आम्ही विसरलो. पोरवय होतं. उद्या सगळ्यांसमोर नीट म्हण. तुझा रांजण मी माझ्या हौदातून भरून देतो. घराला जागा देतो. आत्याच्या पडवीत किती दिवस काढणार?"

"आणि नाही म्हटलं तर?"

"दोर परत घेऊ. ज्याला दोर नाही, त्याला विहीर नाही."

मुलीनं विचारलं, "थोरले, तुम्ही विहिरीत शेवटचं कधी डोकावलात?"

"विहीर जिथं होती तिथंच आहे," थोरले म्हणाले आणि उठले.

ते गेल्यावर आत्या म्हणाली, "चार शब्द तर आहेत. म्हणून टाक. सगळ्यांनी म्हटलेत."

मुलगी रांजणापाशी जाऊन बसली. तिला घर हवं होतं. खूप हवं होतं. दार आपल्या हातानं लावता येईल असं, मोगऱ्याला पाणी घातलं तर कुणी मोजणार नाही असं. उद्या चार शब्द म्हटले की ते तिचं होणार होतं. तिनं रांजणात हात घातला. तळ लागेपर्यंत सबंध हात आत गेला, आणि बोटांना कोरडं खापर लागलं.

तेवढ्यात शेजारची मुलगी आली. तिनं आपला नवा रांजण घासूनपुसून ठेवला होता, त्याच्या गळ्याला हळदकुंकू लावलं होतं. तेच सांगायला आली होती.

"ताई, पुरतो ना गं दोर?"

"उद्या सांगते," ती म्हणाली.

सकाळी सगळं गाव विहिरीवर जमलं. सगळं म्हणजे वडीलधारी माणसं, कारण बाकीच्यांचे फक्त दोर तिथं होते, करंजाला टांगलेले. गुळाचं ताट कठड्यावर ठेवलं होतं. थोरल्यांनी नवा दोर मुलीच्या हातात दिला.

शेजारची मुलगी हात पुढे करून उभी राहिली. मुलीनं तिच्या खांद्याकडे पाहिलं. चोळी नवी होती, कुठं विरलेली नव्हती.

"म्हण," आत्या हळूच म्हणाली.

"मला पुरला नाही," मुलगी म्हणाली. "तुलाही पुरणार नाही."

आधी सगळ्यांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग कुजबुज सुरू झाली. हल्लीची पोरं. बसून खायची सवय. आमच्या वेळी. एक म्हातारे तर म्हणाले, "आम्ही दोन दोन घागरी एका दमात ओढायचो."

"पुरतो," थोरले म्हणाले. "बारा हातांचा दोर या विहिरीला पुरतो. आमच्यासमोर पुरलाय."

"मग आमच्यासमोर काढून दाखवा," मुलगी म्हणाली. तिनं दोर आपल्या तांब्याच्या घागरीला बांधला आणि दुसरं टोक त्यांच्या हातात दिलं. "एक घागर. भरून आली तर मी ते शब्द म्हणते, आणि तुमचा हौदही नको, जागाही नको."

थोरल्यांनी दोर घेतला. तीस वर्षांत त्यांनी पाणी ओढलं नव्हतं, पण हात विसरलेले नव्हते. त्यांनी ऐटीत घागर सोडली. दोर सरसरत गेला. आठ हात. नऊ. दहा. म्हाताऱ्यांनी कान टवकारले, तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता.

बारा हात झाले. दोर संपला.

थोरले वाकले. आणखी वाकले. छाती कठड्याला लागली. त्यांना पालथं पडता येईना, आणि पालथं न पडता घागर पुढे जाईना. मग, किती वर्षांनी कोण जाणे, त्यांनी विहिरीत पाहिलं. ते बराच वेळ पाहत राहिले.

खाली घागर झोका घेऊन कोरड्या दगडावर आपटली. ठण.

तेवढाच आवाज झाला. आत्या करंजाकडे बघत होती, त्यातल्या एकाच दोराकडे. शेजारच्या मुलीनं पुढे केलेले हात मागे घेतले. वाऱ्यानं झाडावरचे दोर एकमेकांवर घासत राहिले, आणि मुलगी एकटी त्या सगळ्यांसमोर उभी राहिली, उत्तराची वाट बघत.

गूळ ताटातच राहिला.

तात्पर्य एवढंच: आपल्याला पुरलेला दोर दुसऱ्याच्या हातात देण्याआधी एकदा विहिरीत डोकावून पाहावं.